स्ट्रोकनंतर बाबा सारखे रडतात, चिडतात, हे कमी होतं का?

हो, बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं. पण बाबा मुद्दाम करत नाहीयेत हो, मेंदूतला भावनांना ब्रेक लावणारा भाग दुखावला की टीव्हीवरची साधी जाहिरात बघूनही रडू फुटतं, आतून तेवढं वाईट वाटत नसलं तरी, अशा वेळी सगळ्यांनी भोवती जमून काय झालं काय झालं करू नका, पाणी द्या, विषय बदला.

डिप्रेशन वेगळं, ते स्ट्रोकच्या साधारण तीनातल्या एका पेशंटला येतं. दोन आठवडे मन कशातच नाही, झोप उडाली, फिजिओला नको म्हणतात असं असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दोन्हीवर औषधं आहेत. आपल्या ठाण्यात सायकियाट्रिस्ट म्हटलं की लोकांना थेट मेंटल हॉस्पिटलच आठवतं, ती भीती आधी सोडा प्लीज. जगून काय करू असं बोलले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 फुकट आहे, 24 तास, मराठीतही बोलतात.

आणि शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू द्या, दहा मिनिटं लागली तरी, मग गर्दी नसताना तलावपाळीला एक चक्कर मारून आणा.