तिकिटाआधी मतदारयादीतली जुनी नोंद बघा

पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानदाराचं पत्र आहे. २००९ मध्ये सिंधमधल्या सक्करहून कुटुंबासह आले, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिले, २०१९ मध्ये पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. आता एका पक्षाने महापालिकेच्या तिकिटासाठी विचारलंय. ‘जन्म पाकिस्तानातला, उभा राहू शकतो का?’ हा त्यांचा प्रश्न. असं विचारणारे ते एकटे नाहीत.

जन्मस्थळाची काळजी सोडा. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की मतदार ओळखपत्र २०१४ मध्येच एका कार्यकर्त्याने ‘काढून दिलं’. म्हणजे नागरिक होण्याच्या पाच वर्षं आधी! मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ वर ‘मी भारताचा नागरिक आहे’ असं छापलेलं असतं आणि खाली तुमची सही आहे. न वाचता सही कशी केलीत? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १६ नुसार नागरिक नसलेल्याचं नाव यादीत घालताच येत नाही. खोट्या निवेदनाला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. इतक्या वर्षांनी खटला टिकणं अवघड आहे, पण तेव्हा कोणते कागद जोडले होते हे पाहिल्याशिवाय मी हमी देणार नाही.

नागरिकत्व सुधारणा कायद्याने भारतात आल्या दिवसापासून नागरिक मानतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. ते त्या कायद्याने आणलेल्या कलम ६ब खालच्या प्रमाणपत्रांना लागू आहे आणि त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. तुम्ही नागरिक झालात ते २०१९ च्या तारखेपासून. कॅम्पातल्या जुन्या कुटुंबांची उदाहरणंही देऊ नका. फाळणीत आलेल्यांना राज्यघटनेच्या कलम ६ ने नागरिकत्व दिलं होतं, तुमची वाट वेगळी.

आता खरी मेख. महापालिकेची वेगळी मतदारयादी नसते. राज्य निवडणूक आयोग जी तारीख ठरवेल, त्या दिवशीची विधानसभेची यादी प्रभागांत फोडतात. उमेदवाराचं नाव तिच्यात लागतं. उमेदवारी अर्जाच्या दिवसापर्यंत वेळ आहे या भ्रमात राहू नका. मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे आजच जा. प्रमाणपत्राची प्रत जोडून जुनं नाव वगळायला फॉर्म ७ आणि नव्या नोंदणीला फॉर्म ६ द्या, दोन्हींची पोच घ्या. जुनं नाव गेलं, नवं आलं नाही आणि मध्येच ती तारीख उलटली, तर ही निवडणूक हातची गेली.

जुन्याच नोंदीवर लढलात तर? तुम्ही आज नागरिक आहात, त्यामुळे कोर्टात बाजू मांडता येईल. कदाचित जिंकालही. पण हरलेला उमेदवार निकालानंतर दहा दिवसांत याचिका टाकेल आणि कोर्टात तारखा पडत राहतील. नगरसेवकाची मुदत संपत आली तरी याचिका पडूनच, हे मी पाहिलंय आणि त्याचा मला संताप येतो. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने वॉर्डात फिरायचं की कोर्टाच्या व्हरांड्यात?

मुलांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्रतेचा प्रश्न येतो. ते सक्करला झालं म्हणून सूट मिळेल असं वाटत नाही.

पक्षाला होकार कळवण्याआधी प्रमाणपत्र, २०१४ च्या अर्जाची प्रत आणि मुलांचे जन्मदाखले घेऊन जवळच्या वकिलाला भेटा.