गिरगावातल्या आमच्या चाळीवर '१९५०' कोरलंय. चाळ खरंच तेव्हाची का? पूर्वी इथे कोण राहायचं, हे पाडण्याआधी कसं शोधू?

तुम्ही दिलेली माहिती अशी: दर्शनी कमानीवर १९५०, म्हाडाच्या नोटिशीत वर्ग 'अ', टिळक इथे उतरायचे असं वडीलधारे सांगतात, आणि दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या आहेत.

१९५० चं उत्तर तुमच्या नोटिशीतच आहे. उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींत 'अ' वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची. त्यापुढे ३१ डिसेंबर १९५० पर्यंतची 'ब' आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची 'क'. वर्ग चुकलेला नसेल, तर कमानीवरचा आकडा बहुधा इसवी सन नाही, विक्रम संवत आहे. ५७ वजा करा, १८९३ येतं. (गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो, त्यामुळे १८९४ चे बरेचसे महिनेही त्यातच येतात.) आकडे गुजराती वळणाचे आहेत का, तेही बघा. मराठी मालकाच्या दारावर शके सापडतो, त्यात ७८ मिळवायचे. पारशी मालकाकडे यज्दगर्दी साल, त्यात ६३० मिळवायचे. एकच १८९३ साल गिरगावात तीन दारांवर १९५०, १८१५ आणि १२६३ असं लिहिलेलं असू शकतं.

पण हे साल कमानीचं. मजले एका दमात चढलेले असतीलच असं नाही, आणि दर्शनी बाजू रंगरंगोटीत फसवते. खरं वय घरगल्लीतून, म्हणजे दोन चाळींमधल्या सफाईच्या अरुंद बोळातून कळतं. तिथे कुणी गिलावा सारखा करत बसत नाही, त्यामुळे जुन्या भिंतीवर नवी भिंत जिथे बसवली तो सांधा दिसतो. तळाशी गुडघ्याएवढ्या उंचीवर विटांनी बुजवलेले चौकोन दिसले, तर तिथून संडासाच्या टोपल्या काढत असत. म्हणजे तो भाग फ्लशच्या आधीचा. (गल्लीत सकाळी जा, वरून कचरा पडतो. डोक्यावर काहीतरी असू द्या.)

आत आल्यावर खांब-तुळया बघा. खालचे दोन मजले सागवानी खांबांचे आणि वरचा लोखंडी गर्डरचा असेल, तर वरचा मजला बहुधा मागाहून चढवलेला आहे. गर्डरच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव उठावात असतं. रंगाचे थर तारेच्या ब्रशने घासा आणि बॅटरीचा उजेड तिरपा मारा, अक्षरं उठतात. 'डॉर्मन लाँग' असेल तर माल विलायतेचा. 'टाटा' असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं तेच त्या साली. मात्र इथे बरेच जण फसतात: उपकराच्या पैशातून झालेल्या दुरुस्त्यांत कुजलेल्या सागवानाला लोखंडाचा आधार दिलेला असतो. जोड वेल्डिंगचे असतील तर ती दुरुस्ती समजा. रिव्हेट असतील तर जुनं काम.

फरशी आणि कौलांवरून फार निष्कर्ष काढू नका, ती बदलली जातात. कौलांवर मंगळूरच्या बासेल मिशनचा ठसा असला, तरी एवढंच कळतं की ते कौल १८६५ नंतरचं आहे.

आता कागद. मुंबई शहरात सी.एस. नंबर (जमिनीच्या मोजणीतला क्रमांक) लागतो, उपनगरातला सी.टी.एस. नव्हे. तो आणि 'गिरगाव' किंवा 'भुलेश्वर' हा विभाग, दोन्ही घेऊन फोर्टातल्या जुन्या कस्टम हाऊसमधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मालमत्ता पत्रकाची नक्कल मागा. त्यात धारणाप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे, ते वाचायला विसरू नका. 'फझिनदारी' लिहिलेलं असेल, तर जमिनीचा मालक एक आणि चाळ बांधणारा दुसरा असू शकतो. पत्रकावरचं नाव चाळ बांधणाऱ्याचं असं गृहीत धरून लोक भलत्याच घराण्याचा इतिहास लिहून मोकळे होतात. जुन्या दस्तांत रस्त्यांची नावंही जुनी असतात: व्ही. पी. रोड म्हणजे गिरगाव बॅक रोड, भडकमकर मार्ग म्हणजे लॅमिंग्टन रोड, महर्षी कर्वे रोड म्हणजे क्वीन्स रोड.

भाडेकरू या पत्रकात कधीच सापडत नाहीत. त्यांच्यासाठी माझ्या मते सर्वात चांगलं साधन म्हणजे गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या वर्गणीवह्या. खोली क्रमांक, नाव, रक्कम, दर वर्षी ओळीने. पाच-दहा वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोण कधी आलं, कोण गेलं हे आपोआप दिसतं. स्मरणिकांतल्या जाहिरातींत धंदेही कळतात. भाडेपावत्या जपून वाचा. पावती आजोबांच्या नावाची आणि राहणारा पोटभाडेकरू, हे पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या खोल्यांच्या) चाळीत नेहमीचं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली, त्यामुळे पावतीवरच्या किरकोळ रकमेवरून पावतीचं किंवा चाळीचं वय काढता येत नाही.

टिळकांबद्दल. गिरगावातल्या निम्म्या चाळी हे सांगतात. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आणि टिळकांचं निधन १ ऑगस्ट १९२० ला सरदारगृहात झालं, या नोंदी पक्क्या आहेत. नोंद कशी असावी, तर परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या बाबासाहेबांच्या मुक्कामासारखी: चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोल्या ५० आणि ५१. तुमच्याकडे खोली क्रमांक, साल किंवा त्या काळचं पत्र यांतलं काहीच नसेल, तर 'असं सांगतात' एवढंच लिहा.

दिवाळीपर्यंत वेळ कमी आहे. मालमत्ता पत्रक चाळ पडल्यावरही मिळेल, तेव्हा त्याच्या मागे आत्ता धावू नका. आधी मंडळाचं कपाट उघडून घ्या, वह्यांचं पान न् पान मोबाइलवर टिपा, मग जिन्याखालच्या टपालपेट्या आणि दारांवरच्या पाट्या. जिन्याच्या कठड्याचा आणि खोलीच्या खणांचा (दोन तुळयांमधल्या अंतरांचा) फोटो टेप धरूनच काढा, नाहीतर माप कळत नाही.