टॅक्रो चार-चार मिलिग्रॅम, आणि इंग्लंडला यायचंय

किडनी ट्रान्सप्लांटला दोन वर्षं झाली, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस (टॅक्रो) सकाळ-संध्याकाळ ४ मिलिग्रॅम, त्याची रक्तातली लेव्हल ६ च्या आसपास. ठाणे सोडून नोकरीला इंग्लंडला येताय आणि इथले डॉक्टर हा डोस बघून कमी करतील, ही तुमची धास्ती.

डोस मोठा दिसतो, पण तुमच्या शरीराला तेवढाच लागतोय. टॅक्रोचं विघटन करणारं सीवायपी३ए५ हे एन्झाइम गोऱ्या युरोपियनांपैकी बहुतेकांत बंदच असतं. आपल्याकडे साधारण निम्म्या लोकांत ते चालू असतं, आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्याहून जास्त. ज्यांचं चालू, त्यांना त्याच लेव्हलसाठी दीड ते दोन पट डोस लागतो. पण वंश हा नुसता अंदाज. सख्ख्या भावांतही फरक निघतो. त्यापेक्षा लेव्हलला दिवसभराच्या डोसने भागा: ६ भागिले ८, म्हणजे ०.७५. १.०५ च्या खाली आलं तर औषध भराभर मोडतंय असं समजतात. दिवसातून एकदाच घ्यायच्या कॅप्सूलना हा आकडा लावू नका. या एन्झाइमच्या जीन टेस्टवर आता पैसे घालवू नका; ती सुरुवातीचा डोस ठरवायला कामाची, तुमच्याकडे दोन वर्षांच्या लेव्हल आहेत.

त्या लेव्हल एका कागदावर आणा: तारीख, ब्रँड, डोस, लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि लॅबची लेव्हल मोजायची पद्धत. पद्धत का, तर मोजायच्या दोन पद्धती आहेत, आणि इम्युनोअसेवर आकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा थोडा जास्त येतो. इथे मास स्पेक्ट्रोमेट्री असेल तर तीच लेव्हल जरा कमी दिसेल. लगेच डोस वाढवायची घाई नको.

डिल्टियाझेम चालू आहे का, बघा. हे बीपीचं औषध, पण टॅक्रोची लेव्हल चढवतं. आपल्याकडे टॅक्रो कमी लागावं, खर्च वाचावा म्हणून ते कधी कधी मुद्दाम देतात. इथे कुणी "बीपी तर ठीक आहे" म्हणून बंद केलं की लेव्हल घसरते आणि रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, धोका वाढतो. ते कशासाठी दिलंय हे डिस्चार्ज पत्रात स्पष्ट लिहून घ्या.

तुमचा भारतीय ब्रँड इथे मिळणार नाही. इथे २०१२ पासून टॅक्रो ब्रँडच्या नावानेच लिहावं अशी सूचना आहे. बदल एकदाच करा, आठवड्याभराने लेव्हल बघा. रक्त द्यायला सकाळची गोळी न घेता जायचं, आदल्या डोसनंतर बारा तासांनी.

नव्याने आलेल्यांची इथे सुप्त टीबीसाठी तपासणी होऊ शकते. त्यावर रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध दिलं तर टॅक्रोची लेव्हल पार खाली जाते, म्हणून ट्रान्सप्लांट युनिटला विचारल्याशिवाय एकही गोळी नको. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) उलट ती चढवतात. जुलाब लागले तरी चढते.

अ‍ॅझाथायोप्रिन हे रिजेक्शन रोखणारं दुसरं औषध सुरू करायची वेळ आली तर टीपीएमटीसोबत एनयूडीटी१५ ही जीनही तपासा म्हणून सांगा; दोन्ही जीन या औषधाच्या विघटनाशी संबंधित आहेत. या दुसऱ्या जीनमधला दोष युरोपियनांत विरळा, पण आपल्यात आणि पूर्व आशियात बऱ्यापैकी आढळतो. तो असताना हे औषध घेतलं तर पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात.

पपनस टॅक्रोची लेव्हल चढवतं, ते सोडलं असेलच. ग्रेपफ्रूट आणि कडू संत्र्याचं मार्मालेडही त्यातलंच.

तीन महिन्यांचा साठा, प्रिस्क्रिप्शनसह, हँडबॅगेत. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ रोज तासाभराने सरकवत दुपारी बारा आणि रात्री बारावर आणा. हिवाळ्यात इथे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेसात.