मॉक ड्रिलसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं की एक्सेलवरच भागवायचं?

तुमचा प्रश्न असा की प्लांटमध्ये वर्षाला दोन मॉक ड्रिल आणि एखादं टेबलटॉप (टेबलाभोवती बसून चर्चेतून केलेला सराव) होतं, आत्तापर्यंत सगळं एक्सेलवर चाललंय, आता मॅनेजमेंट म्हणतंय सॉफ्टवेअर बघा, तर त्यात नेमकं बघायचं काय. वेंडरचा डेमो बघून झालाच असेल. थ्रीडी लेआउट, त्यावर पसरणारा धूर, पळणारे ठिपके. दिसायला झकास असतं, पण ड्रिलच्या दिवशी त्या स्क्रीनकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

ड्रिल चालते ती इन्जेक्टच्या यादीवर, म्हणजे ठरल्या वेळी टीमला द्यायच्या बातम्या-निरोपांच्या यादीवर. अमेरिकेत फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची एचसीप म्हणून ड्रिल आखायची एक पद्धत आहे (पीडीएफ फुकट मिळते, वाचाच), त्यात हिला मास्टर सिनॅरिओ इव्हेंट्स लिस्ट म्हणतात. एका ओळीत किती वाजता, कुणी, कुणाला, फोनवर की वॉकीटॉकीवर, काय सांगायचं, त्यावर समोरच्याने काय करणं अपेक्षित आहे आणि हे कुठल्या उद्दिष्टासाठी, एवढं सगळं यायला हवं. म्हणजे 10:05 ला कंट्रोल रूमला फोन की अमोनियाचा वास येतोय, 10:12 ला निरोप की वारा मेन गेटकडे वाहतोय, 10:20 ला हेडकाउंटमध्ये कंत्राटदाराची दोन माणसं कमी. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात टीम 10:12 पर्यंत पहिल्या फोनवरच अडकलेली असते, मग पुढच्या सगळ्या वेळा सरकवायच्या, त्या प्रत्येक कंट्रोलरला (इन्जेक्ट देणाऱ्या माणसाला) कळवायच्या, आणि एक्सेल असेल तर कुणाच्या हातात कालची प्रिंट, कुणाकडे व्हॉट्सॲपवर आलेली परवाची फाइल. सॉफ्टवेअरचा पहिला खरा उपयोग इथे. एक इन्जेक्ट पुढे ढकलला की त्यावर अवलंबून असलेले आपोआप सरकले पाहिजेत, आणि प्रत्येक कंट्रोलरला फक्त त्याच्या ओळी दिसल्या पाहिजेत. राखीव इन्जेक्टची सोय आहे का तेही विचारा, म्हणजे टीमला पर्यायी असेंब्ली पॉइंट (बाहेर पडून जमायची जागा) सुचलाच नाही तर द्यायचा इशारा, नाही सुचला तरच बाहेर काढायचा.

उद्दिष्टं मात्र सॉफ्टवेअर लिहून देत नाही. 'इव्हॅक्युएशन व्यवस्थित व्हावं' हे उद्दिष्ट नाही, 'सायरननंतर 10 मिनिटांत कंत्राटी कामगार धरून पूर्ण हेडकाउंट, रात्रपाळीतसुद्धा' हे आहे. सध्या एआयवर सिनॅरिओ तयार करून देणारी टूल्स आलीत, कच्चा मसुदा म्हणून ठीक आहेत, पण ते शिफ्ट इन्चार्जला वाचायला द्या, तो पहिल्या पानावरच सांगेल की हा व्हॉल्व्ह आपल्याकडे नाहीच. आणि प्लांटचा लेआउट उचलून कुठल्याही वेबसाइटवर टाकू नका प्लीज.

गॅसगळतीचं मॉडेलिंग हवं असेल तर त्यासाठी मोठं पॅकेज घ्यायची गरज नाही. अमेरिकेच्या नोआ (हवामान-समुद्र) आणि ईपीए (पर्यावरण) या सरकारी संस्थांचं अलोहा नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कुठला भाग वाऱ्याखाली येईल याचा अंदाज सिनॅरिओ लिहायला पुरतो. फक्त मर्यादा माहीत पाहिजेत, ते 10 किलोमीटरच्या आणि एका तासाच्या पुढचं सांगत नाही, डोंगर-इमारतींमधून वारा कसा वळतो ते धरत नाही, आणि वारा पडलेला असेल तर आकड्यांवर भिस्त ठेवू नये.

ऑब्झर्व्हरसाठी (ड्रिल बघून नोंदी करणाऱ्यांसाठी) मोबाइल फॉर्म जवळपास सगळ्यांकडे असतो, नोंद केली की वेळ आपोआप पडते, हे खरंच कामाचं, कारण नंतर मीटिंगमध्ये 'आम्ही लगेच कळवलं होतं' यावर वाद होतो तो होत नाही. पण फ्लेमप्रूफ एरियात (जिथे ठिणगीने स्फोट होऊ शकतो तिथे) साधा फोन नेता येत नाही, तिथल्या ऑब्झर्व्हरला कागद आणि घड्याळच द्या, नोंदी नंतर भरा. ॲप नेटवर्क नसताना चालतं का हे डेमोत सेल्सवाल्यासमोर एअरप्लेन मोड लावून बघा. तळघरात नि पंप हाउसमध्ये रेंज जातेच, आणि वीज गेल्याचा सिनॅरिओ असेल तर वायफाय राऊटरही गेलेला असतो.

आता ज्यावर मी अडून बसेन ती गोष्ट. सॉफ्टवेअरमधून एसएमएस किंवा सायरन सुटत असेल तर ड्रिल मोड आणि लाइव्ह मोड पूर्ण वेगळे हवेत. 13 जानेवारी 2018 ला हवाईमध्ये सकाळी 8:07 ला लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा अलर्ट गेला, 'ही ड्रिल नाही' असं लिहिलेला. शिफ्ट बदलताना चाललेली ड्रिल होती, कर्मचाऱ्याला ती खरी वाटली, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये टेस्ट असो की खरा अलर्ट, 'नक्की पाठवायचा ना' हा प्रश्न एकाच शब्दांत यायचा. फोनवर दुरुस्तीचा मेसेज जायला 38 मिनिटं लागली. म्हणून वेंडरला विचारा, ड्रिल मोडमध्ये स्क्रीन वेगळी दिसते का, प्रत्येक मेसेजच्या आधी 'ड्रिल' आपोआप लागतं का, लाइव्ह पाठवायला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते का. ड्रिल चालू असताना खरंच कुणी पडलं-भाजलं तर सगळं थांबवायचा शब्द आधी ठरवून ठेवा, तो सॉफ्टवेअरच्या बाहेर, सगळ्यांच्या तोंडी असला पाहिजे.

पैसे खर्चच करायचे असतील तर माझ्या मते ते ड्रिलनंतरच्या कामासाठी करा. रिपोर्ट बनतो, सह्या होतात, फाइल कपाटात जाते, पुढच्या ड्रिलला परत तोच सायरन कँटीनमध्ये ऐकू येत नाही. जुलै 2004 मध्ये अमेरिकेत हरिकेन पॅम नावाची एक्सरसाइज झाली, न्यू ऑर्लिन्सवर मोठं वादळ आलं तर काय करायचं यावर. पण पुढचं फॉलोअपचं काम पैशांअभावी रखडलं, आणि ऑगस्ट 2005 मध्ये कतरीना आलं तेव्हा आराखडे अर्धवटच होते. त्यामुळे प्रत्येक त्रुटीला एक मालक (डिपार्टमेंट नाही, माणूस), तारीख, दुरुस्ती झाल्याचा फोटो किंवा टेस्ट रिपोर्ट, तारीख उलटली की त्याच्या वरच्याला मेल, आणि पुढची ड्रिल आखताना उघड्या राहिलेल्या त्रुटी आपोआप समोर, एवढं जो नीट करून दाखवेल तो निम्मा पास.

तुमच्या आकाराला, एकच साइट आणि दोन ड्रिल, शेअर केलेली शीट, एक ऑनलाइन फॉर्म आणि त्रुटींसाठी मेंटेनन्सवाल्यांची जी तिकीट सिस्टिम असेल तीच, यावर आरामात भागेल. चार-पाच साइट असतील, अग्निशमन दल आणि हॉस्पिटल धरून फुल स्केल ड्रिल (माणसं-गाड्या खरोखर हलवून) करायची असेल, तर घ्या. घेण्याआधी एक टेबलटॉप ट्रायलवर पूर्ण त्यातच चालवा, तुमच्या माणसांनी, वेंडरचा माणूस खोलीत न बसवता. आणि करार संपला तर जुन्या ड्रिलच्या नोंदी एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का, हे लेखी घ्या.