मुलीला स्पिनवर संशोधन करायचंय, पण नोकरीचं काय?

प्रश्न : मुलगी साताऱ्यात एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स. तिला पीएच.डी. करायची आहे, तीही ‘स्पिन-ऑर्बिट्रॉनिक्स’मध्ये. मी म्हणतो, एम.सी.ए. कर. इतकी वर्षं शिकवणं मला झेपणार नाही. शिवाय नोकरी मिळेल का? – एक पालक

उत्तर : आधी खर्चाचं बोलू, कारण पत्रात तीच धास्ती जास्त आहे. ‘नेट’ या राष्ट्रीय परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे पीएच.डी.साठीची शिष्यवृत्ती, मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. मग तुमच्यावर भार राहतो तो एम.एस्सी.पर्यंतचाच.

विषय हवेतला नाही. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा छोट्या चुंबकासारखा गुण, आणि स्पिन-ऑर्बिट्रॉनिक्स म्हणजे हा स्पिन आणि इलेक्ट्रॉनचं कक्षेतलं फिरणं यांचा उपकरणांत वापर करण्याचं शास्त्र. हार्ड डिस्कमधली माहिती वाचणारं हेड स्पिनच्या ज्या परिणामामुळे इतकं संवेदनशील झालं, तो १९८८ मध्ये सापडला आणि त्यासाठी फर्ट आणि ग्रुनबर्ग यांना २००७ चं नोबेल मिळालं. पुढची गोष्ट अशी : प्लॅटिनमच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरातून वीज सोडली, की इलेक्ट्रॉनचे स्पिन बाजूला वाहतात आणि शेजारच्या चुंबकाची दिशा उलटवू शकतात. ती दिशा वीज गेल्यावरही टिकते, म्हणून त्यातून मेमरी बनते. इलेक्ट्रॉनच्या कक्षेतल्या फिरण्याचा संवेगही असाच वाहतो. २०२३ मध्ये तो टायटॅनियमसारख्या हलक्या, स्वस्त धातूत दिसला. चुंबकात शिरल्यावर तो किती अंतर टिकतो, यावर अजून वाद आहे. मुलीला ओढ वाटतेय ती उगाच नाही!

स्पिनच्या नावाने निघणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडे थोड्याच आहेत, हे मात्र खरं. पण या प्रयोगशाळेत हात बसतो तो स्पटरिंगने थर चढवण्यावर, व्हॅक्यूमवर, लिथोग्राफीवर, म्हणजे थरावर सूक्ष्म नक्षी उमटवण्यावर. चिपच्या कारखान्यालाही हीच माणसं लागतात.

मला काळजी वेगळीच वाटते. वाचायला हा विषय फार सुंदर आहे, पण प्रत्यक्षात व्हॅक्यूम चेंबरची एक गळती शोधण्यात आठवडा जातो. ते तिला आवडेल का, हे तुम्हाला, मला आणि तिलाही आज सांगता येणार नाही. म्हणून विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी तिला अर्ज करू द्या. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढता येतात. यंत्रांत मन रमलं नाही, तर याच विषयात संगणकावर गणितं करणारी शाखा आहे. तिथे शिकलेलं प्रोग्रॅमिंग बाहेरही चालतं.

तोवर एम.सी.ए.चा विषय बाजूला ठेवा. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी असलेल्या ‘जॅम’ परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात, टी.वाय.ला गेल्यावर तो तिने भरावा, आणि त्याआधी तुम्ही दोघांनी बसून हे पत्र एकत्र वाचावं.