साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पासाठी स्टीम टर्बाइनच्या निविदेत कोणत्या तांत्रिक अटी घालाव्यात?

८७ बार, ५१५ अंशांचा बॉयलर आणि एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाइन (ज्यात काही वाफ कारखान्यासाठी मधूनच काढतात आणि उरलेली कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी होते) धरून सांगतो.

मेगावॅटचा एकच आकडा देऊन थांबू नका. पूर्ण गाळप, कमी गाळप, मिल अचानक बंद, आणि हंगामानंतर साठवलेल्या बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) निव्वळ कंडेन्सिंग, अशा चारही स्थितींचा हीट बॅलन्स, म्हणजे वाफ आणि उष्णतेचा ताळेबंद मागा. हमी कोणत्या स्थितीसाठी, तेही लिहून घ्या.

सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यांकडे. गाळपात रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरला साधारण २.५ बार ॲब्सोल्यूटची वाफ भरपूर लागते, म्हणून कंडेन्सरकडची वाफ कमी करत नेतात. ती मर्यादेखाली गेली की मागची लांब पाती वाफेला नुसती घुसळतात आणि तापतात. हा किमान प्रवाह टन प्रति तासात मागा, त्याचा अलार्म आणि एक्झॉस्ट हूडमध्ये (वाफ बाहेर पडते त्या शेवटच्या भागात) पाण्याचा फवाराही मागा. हंगामानंतर उलटं होतं: सगळी वाफ तिथूनच जाते आणि थेंबांनी पात्यांच्या कडा झिजतात. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, कडा कठीण केलेल्या हव्यात. थंड पाण्याचं तापमान डिसेंबरचं देऊ नका, एप्रिल-मेचं द्या. निव्वळ कंडेन्सिंगवर टर्बाइन तेव्हाच चालणार आहे.

दुसरी गोष्ट सुरक्षेची, तिथे काटकसर मला मान्य नाही. जनरेटरला ग्रिडशी जोडणारा ब्रेकर उघडला की लोड क्षणात जातो. स्टॉप व्हॉल्व्ह मिटला तरी एक्स्ट्रॅक्शन लाइनमधली वाफ उलटी शिरून रोटर पळवते. दाब उतरताच डीएरेटरमधलं (बॉयलरच्या पाण्यातली हवा काढणाऱ्या टाकीतलं) पाणी उकळून त्यात भर घालतं. म्हणून केसिंगच्या जवळ, ट्रिपबरोबर जोर लावून मिटवला जाणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (वाफ उलटी येऊ न देणारा) घ्या. ओव्हरस्पीड ट्रिप साधारण ११० टक्क्यांवर, तीन सेन्सरपैकी दोघांच्या कौलावर. वीज गेल्यावर बेअरिंगला तेल देणारा बॅटरीवरचा पंप तर हवाच.

बगॅसचा ओलावा बदलला की वाफेचं तापमान हलतं. स्टीम टर्बाइनच्या आयईसी ६००४५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वर्षाची सरासरी ठरलेल्या तापमानाच्या आत हवी. ८ ते १४ अंश जास्त वर्षाला ४०० तासांपर्यंतच चालतं. ही मर्यादा बॉयलरच्या निविदेतही घाला.

वाफेतली सिलिका ०.०२ पीपीएमच्या आत ठेवा. इव्हॅपोरेटरच्या कंडेन्सेटमध्ये (वाफेचं झालेलं, बॉयलरला परत जाणारं पाणी) साखर आली तर बॉयलरच्या पाण्याचा पीएच पडतो, फेस येतो आणि क्षार वाफेबरोबर पात्यांवर बसतात. त्या लाइनवर कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मीटर आणि खराब पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवा. साखर मात्र कंडक्टिव्हिटीत नीट दिसत नाही, म्हणून प्रयोगशाळेत दर पाळीला साखर ओळखणारी अल्फा-नॅफ्थॉलची चाचणी चालूच ठेवा.