ठाण्यात घर घेताना पेपरातल्या बातम्यांवर किती भरवसा ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला टू बीएचके बघताय. एका आठवड्यात ‘घरविक्रीचा उच्चांक’ छापून येतो, पुढच्या आठवड्यात ‘विक्री घसरली’. एजंट दोन्ही कात्रणं व्हॉट्सॲपवर पाठवून ‘आत्ताच घ्या’ म्हणतो. खरं काय?

दोन्ही बातम्या बहुधा खऱ्याच असतात. फक्त त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि तुम्ही घेणार त्या इमारतीचा भाव त्यातली एकही मोजत नाही.

घरबाजाराच्या सल्लागार कंपन्यांच्या तिमाही अहवालातली ‘विक्री’ म्हणजे साधारणपणे बुकिंग, त्यातली काही पुढे रद्दही होतात. नोंदणी खात्याचा आकडा म्हणजे नोंदवलेले दस्त. पोर्टलवरचा ‘भाव’ म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेली किंमत, त्या किमतीला सौदा झालेला असेलच असं नाही. शिवाय दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करता येते, त्यामुळे नोंदणीचा महिना हा सौद्याचा महिना नसतो. मुद्रांक शुल्कातली सवलत आठवा: सप्टेंबर ते डिसेंबर २०२० तीन टक्के सूट, मग मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के. मुदत संपायच्या तोंडावर उड्या पडल्या आणि नंतर ओघ आटला. पुढे होणारे सौदे आधी उरकले गेले होते, पण मथळे आधी तेजीचे आणि मग मंदीचे.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलनाही फसवी असते. २०२३ मध्ये पितृपक्ष २९ सप्टेंबरला लागला, २०२४ मध्ये सप्टेंबरच्या मध्यालाच. आपल्याकडे पितृपक्षात टोकन द्यायलाही लोक कचरतात. म्हणजे या दोन सप्टेंबरांची तुलना करून ‘मागणी घटली’ म्हणणं पंचांगाकडे न बघता लिहिल्यासारखं आहे.

सर्वात जास्त गोंधळ ‘सरासरी भाव’ घालतो. समजा एका तिमाहीत १०० फ्लॅट विकले गेले: ७० साधे, १६,००० रुपये चौरस फुटाने, आणि ३० मोठ्या टॉवरमधले, २४,००० ने. सरासरी १८,४००. पुढच्या तिमाहीत साधे ४०, महागडे ६०. सरासरी २०,८००, म्हणजे १३ टक्के ‘वाढ’. एकाही फ्लॅटचा भाव रुपयाने वाढलेला नाही. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.)

तरीही बातमीचा परिणाम होतो, आणि तो आधी विकणाऱ्यावर होतो. चांगली बातमी आली की रिसेलवाला, म्हणजे आपला जुना फ्लॅट विकणारा, दुसऱ्याच दिवशी पाच लाख वाढवून सांगतो. वाईट बातमी आली तर भाव उतरवत नाही, थांबतो. म्हणून मंदी आधी सौद्यांच्या संख्येत दिसते, किमतीत फार उशिरा. बिल्डर तर छापील दर शक्यतो उतरवतच नाही, कारण आधीचे खरेदीदार ऑफिसात येऊन उभे राहतील. तो पार्किंग ‘फ्री’ देतो, मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर) सोडतो. पेपरात मात्र ‘भाव स्थिर’.

ठाण्यात यावर मेट्रोचा मसाला. घोडबंदर रोडवरून जाणाऱ्या मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि गायमुखकडच्या टप्प्यावर चाचणी झाली सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या पावणेनऊ वर्षांत प्रत्येक खांब, प्रत्येक गर्डर बातमी झाला आणि प्रत्येक बातमीवर ‘मेट्रोमुळे भाव वाढणार’ हे नव्याने विकलं गेलं. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ ची, ठाणे–बोरिवली बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ चं. माझ्या मते आज मागितल्या जाणाऱ्या दरात हे सगळं आधीच धरलेलं आहे. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

आता कात्रणं बाजूला ठेवा आणि हे करा.

महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. जाहिरातीवर क्यूआर कोड असायलाच हवा, ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे. तिथे इमारतवार एकूण फ्लॅट आणि बुक झालेले फ्लॅट दिसतात. ‘शेवटचे चारच उरलेत’ म्हणणाऱ्या सेल्सवाल्याचं म्हणणं तिथे ताडून बघा. पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली तेही बघा, आणि जमिनीचा सर्व्हे नंबर उतरवून घ्या.

मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च. वर्ष, जिल्हा ठाणे, तालुका, गाव (कासारवडवली, ओवळे, कोलशेत, जे असेल ते) आणि सर्व्हे नंबर. कॅप्चा बऱ्याचदा दोनदा टाकावा लागतो, पहिल्यांदा काहीच आलं नाही म्हणून सोडून देऊ नका. ५९/१ सापडलं नाही तर नुसतं ५९ टाका. इंडेक्स २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) उघडला की रकाना २ मध्ये मोबदला, ५ मध्ये क्षेत्रफळ, ९ मध्ये दस्त करून दिल्याची तारीख, १० मध्ये नोंदणीची. भाव कोणत्या काळातला हे ९ वरून ठरवा, १० वरून नाही. रकाना ३ चा ‘बाजारभाव’ म्हणजे सरकारी रेडी रेकनरचा, मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या दराचा हिशोब, त्याला भुलू नका.

मोबदला ९० लाख आणि कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ४५ चौरस मीटर असेल, तर ४५ गुणिले १०.७६४ म्हणजे ४८४ चौरस फूट. दर १८,५८० च्या आसपास. रकाना ४ मध्ये बाल्कनी किंवा पार्किंग वेगळं लिहिलंय का ते वाचा, नाहीतर दर फुगलेला दिसेल. असे त्याच इमारतीतले सहा-सात दस्त काढा. वर सांगितलेल्या सवलती मात्र इंडेक्स २ मध्ये दिसतीलच असं नाही, त्या सध्या काय चालल्यात हे साइटवर तोंडी विचारून वजा करा.

तिथेच लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे भाडेकराराचे दस्तही सापडतात. भाडं मथळ्यांना फारसं भुलत नाही, मेट्रो येणार म्हणून आज कोणी जास्त भाडं देत नाही. महिन्याचं भाडं बाराने गुणा आणि आलेल्या आकड्याने किमतीला भागा, म्हणजे किंमत किती वर्षांच्या भाड्याइतकी आहे ते कळेल. दोन वर्षांत किंमत बरीच चढली आणि भाडं जागेवरच असेल, तर तेवढी चढ बातम्यांची आहे असं धरून बोलणी करा.

एक लक्षात ठेवा: अगदी ताजे दस्त शोधात लगेच दिसतीलच असं नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत शोधत असाल तर मागचं वर्षही निवडून बघा.